ख्रिसमसची झाडं, जूनमधल्या बेरी आणि शेजारची चौथी पिढी

डेलावेअरकाठी (धागाकर्ती)

ख्रिसमस ट्रीची शेती हा डिसेंबरचा धंदा वाटतो. प्रत्यक्षात त्या शेताचं घर चालतं ते जून-जुलैत, स्ट्रॉबेरी आणि ब्लूबेरीवर. आमच्या हंटरडन काउंटीत, म्हणजे न्यू जर्सीच्या पश्चिम कडेला, असं एक कुटुंब आहे. पणजोबांच्या गाई होत्या. आजोबांनी गाई विकून झाडं लावली, मुलाने बेरी आणल्या आणि आता नात शेत बघते. मी सुट्टीच्या दिवशी तिथे हाताखाली असते. जूनमध्ये वजनकाट्यावर, थँक्सगिव्हिंगनंतर, म्हणजे नोव्हेंबरअखेरच्या सणानंतर, झाडांना जाळी चढवायच्या यंत्रावर. एडिसन-प्लेन्सबरोकडची मराठी मंडळी दोन्ही हंगामांत मुलांना घेऊन येतात, फोटो काढतात, "काय मस्त आयुष्य आहे हो" म्हणतात आणि जातात. मस्त आहेच. पण हे सगळं चालतं कसं ते कुणी विचारत नाही, म्हणून हा धागा.

आधी झाडांचं बोलू. रोप लावल्यापासून सात फुटांचं झाड व्हायला डग्लस फर या जातीला सात-आठ वर्षं लागतात, फ्रेझर फरला दहा किंवा त्याहून जास्त. शिवाय झाड आपोआप त्या शुभेच्छापत्रावरच्या आकारात वाढत नाही. तिसऱ्या-चौथ्या वर्षापासून प्रत्येक झाडाची दर उन्हाळ्यात छाटणी करावी लागते. लांब पात्याचा सुरा घेऊन झाडाभोवती फिरायचं, पायाला संरक्षक पट्टे बांधायचे, आणि वरून खाली एका लयीत पातं चालवायचं. शेंडे दोन फुटले असतील तर एकच ठेवायचा. पाइनची छाटणी नवे कोंब कोवळे असताना, म्हणजे जूनमध्ये. फरची त्यानंतर, जुलैच्या मध्यापासून पुढे.

आता बेरींचं वेळापत्रक बघा. स्ट्रॉबेरी मेअखेर ते जून. ब्लूबेरी जूनअखेर ते जुलै. म्हणजे नेमकी छाटणीच्या तोंडावर तोडणी. दोन्हीकडे मजूर लावायचे तर शेत बुडालंच. म्हणून 'तुमची तुम्ही तोडा'! लोकांना वाटतं ही सहल आहे. शेतकऱ्याच्या बाजूने बघितलं तर तोडणीची मजुरी वाचली, आणि घरचे हात झाडांकडे मोकळे राहिले. झाडं दहा वर्षं नुसता खर्च खातात. ते दहा वर्षांचं थांबणं बेरीच्या रोकडीवर निघतं. माझ्या मते ही जोडी जमली नसती तर त्या जागी आज बंगल्यांची वसाहत असती.

गंमत म्हणजे दोन्ही धंद्यांची मुळं याच राज्यात आहेत. १९०१ साली ट्रेंटनजवळ मॅक्गॅलियर्ड नावाच्या शेतकऱ्याने इतर पिकांना नालायक जमिनीत नॉर्वे स्प्रूसची २५,००० रोपं लावली आणि काही वर्षांनी डॉलरला एक या भावाने विकली. अमेरिकेतली ही पहिली ख्रिसमस ट्रीची शेती समजतात. तोपर्यंत लोक जंगलातून झाड तोडून आणत. आणि तिथून गाडीने फार लांब नाही अशा व्हाइट्सबॉगला एलिझाबेथ व्हाइट या बाईंनी, फ्रेडरिक कोव्हिल या सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञाबरोबर, जंगली ब्लूबेरी शेतात आणली. त्याआधी ब्लूबेरी लागवडीत येतच नाही असा समज होता. कोव्हिलनी दाखवलं की तिला आंबट, म्हणजे आम्लधर्मी माती लागते. व्हाइटबाईंनी पाइन बॅरन्सच्या रानात फिरणाऱ्या लोकांना भोकाची मापं दिली, त्या भोकातून पडणार नाही एवढं फळ असलेलं झुडूप दाखवा आणि पैसे घ्या. १९१६ मध्ये पहिलं व्यापारी पीक बाजारात गेलं. रानातलं ज्ञान रानातल्या माणसांकडून रीतसर पैसे देऊन घेणारी ही बाई मला फार आवडते.

प्रश्न विचारा. माहीत असेल ते सांगेन, नसेल ते शेतावर विचारून सांगेन.

कृष्णाकाठचा

ताई, लेख आवडला. मी भिलारचा, आमची तीन पिढ्यांची स्ट्रॉबेरी. तुमच्याकडचं आणि आमचं गणित उलटं आहे. आमच्याकडे मदर प्लांट बाहेरच्या देशातून येतात, पावसाळ्यात त्यांचे रनर (जमिनीवर पसरून नवी रोपं देणारे कोंब) वाढवायचे, सप्टेंबर-ऑक्टोबरला गादीवाफ्यावर मल्चिंग पेपर टाकून लावायचं, नोव्हेंबर-डिसेंबरपासून तोडा सुरू. एप्रिल-मेपर्यंत खेचायचं. मग पाऊस आला की सगळं संपलं. दर वर्षी नव्याने लागवड, दर वर्षी रोपांचा खर्च.

पर्यटक आमच्याकडेही वावरात येतात हल्ली. पण खरं सांगू? बेड तुडवतात. अर्धं पिकलेलं फळ तोडून बघतात आणि टाकून देतात. आमच्या बाया सकाळी लवकर दोन तासांत जेवढं तोडतात तेवढं पन्नास पर्यटक दिवसभरात तोडत नाहीत. तुमच्याकडे हे नुकसान कसं धरतात?

डेलावेअरकाठी

कृष्णाकाठचा, अगदी बरोबर. नुकसान धरूनच भाव ठरतो. पोरं तोडता तोडता खातात, तोंडं लाल करून काट्यावर येतात. आता बरीच शेतं आत जातानाच माणशी थोडी रक्कम घेतात, ती खाण्याची. शिवाय लोकांना एकेक रांग नेमून देतात, संपल्याशिवाय पुढच्या रांगेत नाही. ही शिस्त लावायला सगळ्यात कडक माणूस लागतो. आमच्याकडे ते काम आजी करतात, वय ऐंशीच्या पुढे, हातात शिट्टी.

इथे लागवड दर वर्षी नाही. जूनमध्ये एकदाच फळ देणारी जात लावतात, तिचे रनर रांगेतच पसरू देतात. तोडणी संपली की पानं वरून कापून टाकायची, रांग अरुंद करायची, खत द्यायचं, की तीच रांग तीन-चार वर्षं चालते. थंडीत वर गव्हाचा पेंढा पसरतात.

खरी कसोटी वसंतातल्या रात्री असते. फुलं आलीत आणि पारा शून्याखाली जाणार असेल तर रात्रभर स्प्रिंकलर चालू. पाणी गोठताना उष्णता सोडतं, ती फुलाला वाचवते. बर्फाच्या कवचात फूल सुखरूप असतं. पण पहाटे दमून पंप बंद केला तर उलटंच होतं, वारा ओलावा उडवतो आणि फूल आणखी गार पडतं. बर्फ वितळेपर्यंत पंप बंद करायचा नाही.

कृष्णाकाठचा

वेण्णा लेकला हिमकण पडले की पेपरात फोटो येतो, "महाबळेश्वर गोठलं" म्हणून. पर्यटक खूश. आमच्या वावरात पानं करपलेली असतात त्याचा फोटो कुणी काढत नाही. स्प्रिंकलरचं ऐकून होतो, रात्रभर वीज आणि पाणी दोन्ही राहील याची खात्री असती तर केलं असतं.

शंकासूर

माझा साधा प्रश्न. दहा वर्षं वाढवलेलं झाड तीन आठवडे दिवाणखान्यात ठेवून कचऱ्यात? आणि वर त्याला निसर्गप्रेम म्हणायचं? प्लास्टिकचं एकदा घ्या की.

डेलावेअरकाठी

शंकासूर, ते पीक आहे. ऊस तोडला म्हणून कुणी हळहळत नाही. एक झाड गेलं की पुढच्या वसंतात बुंध्याशेजारी नवं रोप लागतं, नाहीतर शेत रिकामं होईल. सण संपल्यावर बहुतेक गावं झाडं गोळा करून त्यांचा भुगा करतात. आमच्याकडे न विकलेल्या, वाकड्या वाढलेल्या झाडांचा भुगा ब्लूबेरीच्या बुडाशी आच्छादन म्हणून जातो.

बाकी ही शेती सोवळी नाही. तणनाशक वापरतात, कीटकनाशक वापरतात. जंगल समजून कुणी येऊ नये. प्लास्टिकचं झाड पीव्हीसीचं, बहुतेक चीनमधून आलेलं. तेच झाड तुम्ही खूप वर्षं वापरलंत तर माझी काही तक्रार नाही. चार वर्षांनी फॅशन बदलली म्हणून टाकणार असाल, तर मात्र हा वाद घालू नका.

वरूडकर

फ्रेझर फर दहा वर्षं सांभाळायचा म्हणता, मर किती होते? आमचा अनुभव संत्र्याचा. आठ वर्षांची बाग डिंक्या रोगाने बसताना पाहिली आहे.

केरीची_मावशी

वरूडकर, मी सांगते, आम्ही नॉर्थ कॅरोलिनात. फ्रेझर हा मूळचा इथलाच, ॲपलाचियन डोंगरांच्या माथ्यावरचा, साधारण १,४०० मीटरच्या वर नैसर्गिक वाढणारा. थंड हवा आणि उताराची, पाणी न धरणारी जमीन त्याला लागते. चिकण, ओली जमीन मिळाली की मूळकूज. आणि ती आणणारा तुमच्या ओळखीचाच निघेल: मातीतला बुरशीसारखा जंतू, फायटोफ्थोरा!

वरूडकर

अरे देवा. तो तिकडेही पोचला का! आमच्या डिंक्याचं मूळही फायटोफ्थोराच. म्हणून आम्ही जंबेरीच्या किंवा रंगपूर लाइमच्या खुंटावर डोळा भरतो, म्हणजे कलम करतो, आणि डोळा जमिनीपासून चांगला वर ठेवतो.

केरीची_मावशी

इथेही तोच विचार. जपानच्या मोमी फरच्या खुंटावर फ्रेझरचं कलम करून बघतात, मोमीची मुळं या रोगाला बरीच दाद देत नाहीत. पण कलमाचं रोप साध्या रोपापेक्षा बरंच महाग पडतं. एकदा जमिनीत रोग घुसला की ती जागा फ्रेझरला कायमची गेलीच समजायचं. मग लोक तुर्कस्तानातला फर नाहीतर नॉर्डमन लावतात.

आमच्या ॲश आणि ॲव्हरी या काउंट्या म्हणजे ख्रिसमस ट्रीचं आगर. देशात ऑरेगनचा पहिला नंबर, आमचा दुसरा. सप्टेंबर २०२४ मध्ये हेलीन वादळाने हाच डोंगराळ भाग धुऊन काढला. दरडी कोसळल्या, शेताचे रस्ते वाहून गेले. झाडं उभी होती पण ट्रक वर कसा न्यायचा? तरी त्याच वर्षीचं व्हाइट हाउसचं झाड ॲव्हरी काउंटीतल्या एका कौटुंबिक शेतातूनच गेलं. टीव्हीवर बघताना भरून आलं, खोटं कशाला बोलू.

आणि एक. तोडणीला, झाडं ओढायला माणसं मेक्सिकोतून हंगामी परवान्यावर येतात. फोटोत कुटुंब दिसतं, ही माणसं दिसत नाहीत. 'कौटुंबिक शेती' म्हणताना यांनाही धरा.

डेलावेअरकाठी

मावशी, शेवटच्या परिच्छेदाला दोनदा +१.

तुमच्या फ्रेझरबद्दल एक गुपित फोडते. आमच्याकडे दारातच जाळीत बांधून उभी असलेली जी कापलेली झाडं दिसतात, ती तुमच्याच डोंगरांतून ट्रकने येतात. इथली जमीन फ्रेझरला जड पडते पण गिऱ्हाईकाला फ्रेझरच हवा, कारण सुया गळत नाहीत आणि फांद्या दागिने पेलतात. न्यू जर्सीतली पुष्कळ शेतं असंच करतात, लपवत नाहीत. शेतात उभं आहे ते डग्लस, नॉर्वे स्प्रूस, कॅनन फर आणि थोडे पाइन.

पोर्टलंडी

ऑरेगनचं नाव निघालं म्हणून हजेरी. आमच्या विलामेट खोऱ्यात झाडं आणि बेरी दोन्ही, पण पसारा वेगळा. मोठ्या शेतांवर कापलेल्या झाडांचे गठ्ठे हेलिकॉप्टरने उचलून ट्रकपाशी टाकतात. एक फेरी मिनिटभराची सुद्धा नसते, वैमानिक दिवसभर लंबकासारखा झुलत असतो. नोबल फर हा इथला राजा. जून २०२१ च्या उष्णतेच्या लाटेत कोवळी रोपं जागेवर मेली, मोठ्या झाडांचे शेंडे तांबडे पडले. त्या वर्षी मेलेल्या रोपांची उणीव लगेच कळत नाही. सात-आठ वर्षांनी, ती विकायला यायच्या वेळी कळते.

बेरीत आमची मिरवायची गोष्ट म्हणजे मॅरियनबेरी. ब्लॅकबेरीचाच वाण, १९५६ चा, मॅरियन काउंटीवरून नाव. इतकी नाजूक की ताजी दूरवर पाठवता येत नाही. खायची तर इथे या.

गणिती

भावनेत सगळे वाहताहेत म्हणून जरा आकडे. सहा बाय सहा फुटांवर लावली तर एकरात १,२१० झाडं बसतात. मर, हरणं, वाकडी वाढ वगळून समजा ९०० उरली. नऊ वर्षांच्या फेऱ्यात वर्षाला शंभर. झाडाला ८० डॉलर धरले तर एकरी ८,००० ढोबळ, त्यातून छाटणी, फवारणी, विमा, डिसेंबरचे पगार. न्यू जर्सीत जमिनीला बिल्डर काय देईल? नात सरळ विकून व्याजावर जगू शकते. का विकत नाही?

आणि दुसरं, गेल्या काही वर्षांत झाडं एवढी महाग का झाली?

डेलावेअरकाठी

गणिती, दुसऱ्याचं आधी. २००० च्या सुमारास लोकांनी भरमसाट रोपं लावली. ती विकायला आली तेव्हा २००८ ची मंदी. भाव कोसळले, कित्येकांनी शेती सोडली, उरलेल्यांनी नवी रोपं कमी लावली. त्या कमी लावलेल्या रोपांची झाडं २०१६-१७ च्या पुढे बाजारात आली, म्हणजे आलीच नाहीत. या धंद्यात आजच्या भावावर आज काही करता येत नाही. कांद्यासारखं चार महिन्यांत चूक फिटत नाही.

आता का विकत नाही ते. पहिली गोष्ट कर. न्यू जर्सीत १९६४ चा कायदा आहे: पाच एकरांवर प्रत्यक्ष शेती आणि त्या पाच एकरांतून वर्षाला किमान १,००० डॉलरची विक्री दाखवली की जमिनीवर शेतजमिनीच्या हिशेबाने कर, जो घरबांधणीच्या दरापेक्षा कितीतरी कमी. (अवांतर: मोठमोठ्या बंगल्यांच्या मागे ख्रिसमस ट्रीच्या चार आळशी रांगा दिसतात त्यामागचं रहस्य हेच. खऱ्या शेतकऱ्यांचा या लोकांवर फार राग.)

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. राज्याची शेतजमीन जतन योजना आहे. शेतकरी जमीन विकत नाही, तिच्यावर बांधकाम करायचा हक्क तेवढा विकतो. पैसे रोख मिळतात, जमीन त्याचीच राहते, पण खरेदीखतावर कायमचं बंधन येतं की इथे शेतीच होणार. पुढचा मालक कुणीही असो. राज्यात आजवर दोन लाख एकरांहून जास्त जमीन अशी राखली गेली आहे. या कुटुंबाने तेच केलं. आजोबांना तीन मुलं, दोघांना शेती नको होती. हक्काचे पैसे आले त्यातून त्या दोघांचा वाटा दिला, जमीन एकसंध राहिली.

कृष्णाकाठचा

हे वाचून दोन मिनिटं गप्प बसलो. आमच्या आजोबांचे सहा एकर, आज सातबाऱ्यावर अकरा नावं. माझ्या वाट्याला गुंठे मोजावे लागतात. चुलत्यांपैकी एकाने रिसॉर्टवाल्याला दिली, आता आमच्या पाइपलाइनवरून भांडण. अशी योजना महाबळेश्वर-पाचगणीला आली तर निम्मे लोक उद्या सही करतील. निम्मे म्हणतील सरकार आमचा हक्क हिरावतंय. दोघांचं म्हणणं मला पटेल.

शंकासूर

बंधन कायमचं म्हणजे नातीच्या मुलीला शेती नको असली तरी?

डेलावेअरकाठी

तरीही. ती विकू शकते, पण शेती करणाऱ्यालाच परवडेल अशा भावाने. तिच्या आजोबांनी तिच्या वतीने निर्णय घेऊन टाकला, यावर घरात आजही वाद होतो, मी ऐकला आहे. तिची आत्या म्हणते, बापाने माझं नशीब विकलं. नात म्हणते, विकलं नसतं तर मी आज पार्किंगमध्ये उभी असते. मी नातीच्या बाजूची, पण आत्याला वेड्यात काढणार नाही.

वसईकरीण

खूप छान धागा. आमच्या वसईत लहानपणी ख्रिसमस ट्री म्हणजे सुरूची फांदी. किनाऱ्यावरच्या सुरूच्या बनातून आणायची, वाळू भरलेल्या डब्यात रोवायची, कापसाचा बर्फ. दुसऱ्या दिवशीच मलूल. आता दुकानातलं प्लास्टिकचं, नाहीतर कुंडीतलं अरोकेरिया. तुमच्याकडे बेरी कुठली चांगली चालते? रासबेरी लावतात का?

डेलावेअरकाठी

वसईकरीण, सुरूची आठवण भारी!

रासबेरी होती, काढून टाकली. ठिपकेदार पंखांची एक माशी आहे, आशियातून आलेली. अमेरिकेत २००८ ला कॅलिफोर्नियात सापडली, काही वर्षांत इकडे पूर्वेला पोचली. साधी फळमाशी सडलेल्या फळावर बसते. ही बाई पिकत आलेल्या धडधाकट फळाला करवतीसारख्या अवयवाने चीर पाडून आत अंडी घालते. घरी नेलेल्या डब्यात दुसऱ्या दिवशी अळ्या. लोकांनी स्वतः तोडलेल्या फळात अळी निघाली तर ते परत कशाला येतील? स्ट्रॉबेरी लवकर येते म्हणून बरीचशी सुटते, लवकरच्या ब्लूबेरीही. उशिराच्या रासबेरीला मात्र सतत फवारा, आणि लोकांना शेतात सोडायचं तर फवाऱ्यानंतर ठरावीक काळ थांबायलाच हवं. नातीने दोन हंगाम हिशेब मांडला आणि नांगर घातला. तिथे आता तुर्की फरची रोपं आहेत.

ब्लूबेरी चांगली चालते. ड्यूक ही जात आधी, मग ब्लूक्रॉप. आमची जमीन पाइन बॅरन्ससारखी आंबट नाही, म्हणून लागवडीआधी गंधक घालून सामू पाचच्या खाली आणावा लागला. पहिली दोन वर्षं फुलं खुडून टाकायची, झुडूप भरायला सहा-सात वर्षं, पण मग पंचवीस-तीस वर्षं बघायला नको. पक्ष्यांसाठी वरून जाळी मात्र हवीच.

नवीन_इथे

नमस्कार, पहिलाच प्रतिसाद. आम्ही यंदा पहिल्यांदा खरं झाड आणणार आहोत. अपार्टमेंट, लहान मूल. कधी जायचं आणि काय बघायचं?

केरीची_मावशी

घराच्या छताची उंची मोजून जा! शेतात सगळी झाडं लहान दिसतात.

डेलावेअरकाठी

मावशींचं पहिलं. झाडाच्या टोकाला चांदणी लागते, खाली स्टँड, म्हणजे आठ फुटी छताला सात फुटांच्या आतलंच. दाराची रुंदी पण बघा.

थँक्सगिव्हिंगनंतरचे पहिले दोन शनिवार-रविवार या, जमल्यास सकाळी. त्या वर्षी तयार झालेली झाडं संपली की शेत बंद करतात, लहान झाडं कापू देत नाहीत, कारण ती पुढच्या वर्षाची पुंजी. पंधरा डिसेंबरला येऊन "एवढी झाडं उभी आहेत तरी नाही का म्हणता" असं भांडणारे दर वर्षी भेटतात.

करवत शेतावर मिळते. एकाने झाड किंचित पलीकडे ढकलून धरायचं, म्हणजे पातं अडकत नाही. आडवं झोपून कापावं लागतं, जुने कपडे घाला. मग हादरवायच्या यंत्रावर आणा, सुकलेल्या सुया आणि घरटी, किडे झडून जातात, नंतर मी जाळी चढवते. घरी पोचायला उशीर झाला तर बुंध्याचा इंचभर काप पुन्हा घ्या, नाहीतर चीक सुकून पाणी वर चढत नाही. पहिल्या दिवशी चार लिटरपर्यंत पाणी पिऊ शकतं, स्टँड मोठा घ्या. हीटरजवळ ठेवू नका. लहान मूल आहे म्हणता, तर डग्लस घ्या, सुया मऊ. ब्लू स्प्रूस दिसायला सुंदर पण हात लावला की बोचतो.

नवीन_इथे

खूप आभार! आणि ब्लूबेरीला कधी?

डेलावेअरकाठी

जूनच्या शेवटच्या आठवड्यापासून, शेताच्या फोनवरचा निरोप ऐकून निघा. पाऊस पडून गेल्यावर लगेच नको. निळी झालेली लगेच तोडू नका, देठाजवळ लालसर वलय दिसत असेल तर ती आणखी तीन-चार दिवस झुडपावर हवी. हाताच्या पंजात घोस धरून अंगठ्याने हलकेच चोळायचं, पिकलेली आपण होऊन डब्यात पडतात. स्वतःचे डबे आणलेत तर आत जायच्या आधी काट्यावर त्यांचं वजन करून घ्या. आणि आजींची शिट्टी वाजली तर ती तुमच्यासाठीच आहे असं समजा.